विदर्भाच्या गावातला धंदा मोबाइलवर कसा आला

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या केंद्रांमध्ये मुंबई-पुण्याच्या जोडीला नागपूर होतं. पैसे मोजून रेडिओवरून आवाज देण्याची सोय विदर्भाला अशी अगदी सुरुवातीपासून मिळाली. चार वर्षांनी, १९७१ मध्ये, ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला. या दोन्हींचा उपयोग झाला तो साबण, चहापत्ती, बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपन्यांना. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात हळद दळून विकणाऱ्या बाईला रेडिओवरचे दहा सेकंद परवडणारे नव्हते. आणि समजा परवडले असते, तरी काय झालं असतं? गोंदियाच्या एखाद्या घरात तिची जाहिरात ऐकू आली असती, पण पावशेर हळद तिथवर नेणार कोण?

लहान धंद्याच्या प्रचाराची अडचण इथे आहे. निरोप जितका लांब जातो तितका माल जात नाही. गावातल्या सोशल मीडियाबद्दल आज जे काही बोललं जातं, त्यात ही जुनी गोष्ट सहसा राहून जाते.

धंद्याच्या मापाची साधनं गावाकडे होती. आठवडी बाजार हे त्यातलं सगळ्यात मोठं. फिरता दुकानदार सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, आणि प्रत्येक बाजारात त्याची बसायची जागा ठरलेली. ती जागा हीच त्याची जाहिरात. तिखट मागच्या वेळी फिकं निघालं तर गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात त्याच जागेवर येऊन चार लोकांसमोर बोलणार, हे दोघांनाही ठाऊक. दवंडी होती, नंतर ऑटोवर बांधलेला भोंगा आला. वर्षातून एकदा यात्रा: अमरावती जिल्ह्यात बहिरम, गडचिरोलीत मार्कंडा, वाशीमला पोहरादेवी. तिथे अनोळखी गिऱ्हाईक भेटायचं, पण विकणारा आणि घेणारा समोरासमोरच असायचे.

प्रचाराचं खरं कसब पाहायचं तर झाडीपट्टीत जावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्री नाटक होतं, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचं ठाणं. गावकरी तिथे येऊन प्रयोग ठरवतात. पोस्टर लागतात, भोंगा फिरतो, पण मांडव भरतो तो पाहुण्यांनी. मंडईच्या निमित्ताने घराघरातून लेकी-जावयांना, सोयऱ्यांना बोलावणं जातं, आणि आलेला पाहुणा नाटकाचं तिकीट काढतोच. जाहिरात मंडळीची आणि आवतण घरच्यांचं, अशी ही वाटणी. या रंगभूमीतले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना हे प्रकरण नव्याने कळलं. झाडीपट्टीला ते नवं नव्हतंच. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर पोस्टरचा फोटो ‘या बरं का मंडईला’ अशा ओळीसकट नात्यातल्या ग्रुपवर जाऊ लागला, एवढाच काय तो फरक. त्यासाठी कुणाला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

दुसरा धागा वर्ध्याचा. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. मगनवाडीत लाकडी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांवर काम चाललं, ‘ग्रामउद्योग पत्रिका’ निघाली आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. वस्तू कशी बनते हे दाखवायचं, म्हणजे ती घ्यावीशी वाटेल, ही त्यामागची समज. आज लाकडी घाण्याच्या रीलमध्ये शेंगदाणे पिळून तेलाची धार पडताना दिसते आणि लोक शेवटपर्यंत बघत राहतात. तो रील काढणाऱ्या पोराला कुमारप्पा माहीत असण्याचं कारण नाही, पण युक्ती तीच आहे. त्या काळी फक्त वर्ध्याला येणाऱ्यालाच ती पाहता यायची.

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. गावात त्याचा पत्ता पुढे कित्येक वर्षं नव्हता. फेसबुक २००६ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. तालुक्याच्या कॉलेजातली मुलं त्यावर पोचली तेव्हा मराठी लिहिण्याची पंचाईतच होती, म्हणून ‘शुभेच्छा’सुद्धा रोमन अक्षरांत. धंद्याच्या पोस्टला नमुना मिळाला तो चौकातल्या फ्लेक्सचा. वर देव, मध्ये हात जोडलेले प्रोप्रायटर, खाली शुभेच्छुकांची रांग आणि कोपऱ्यात न वाचता येणारे तीन मोबाइल नंबर. माल कुठेच नाही. हा फ्लेक्स अजूनही फोनवर फिरतोच आहे. दिवाळीच्या आठवड्यात कुठल्याही गावचा ग्रुप उघडून बघा.

खरी उलथापालथ झाली २०१६ ते २०१८ या काळात. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि जीबीला दोनअडीचशे रुपये मोजणाऱ्यांना डेटा काही महिने फुकट मिळाला. ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि बाजारातली रोकडच आटली. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर चोवीस तासांचं फोटो-व्हिडिओ स्टेटस आलं. त्याच वर्षी गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्या बाईने कधी कीबोर्डला हात लावला नव्हता ती ‘मुंगवड्या तयार आहेत, दोनशे रुपये किलो’ असं बोलू लागली आणि अक्षरं उमटू लागली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं, सप्टेंबरमध्ये बटणांच्या जिओफोनवरही व्हॉट्सअ‍ॅप चालू लागलं. यातलं एकही पाऊल गावातल्या धंद्यासाठी म्हणून उचललेलं नव्हतं. सगळी मिळून मात्र धंद्याच्याच कामी आली.

त्याच सुमारास मेळघाटात एक उलटा प्रयोग चालू होता. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झालं, मायक्रोसॉफ्टची साथ होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसालच्या जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच सोलापूरच्या व्यासपीठावर उभं केलं आणि गाव डिजिटल झाल्याचा दावा खोटा असल्याचं म्हटलं. सत्ताधाऱ्यांनीही आपली बाजू मांडली. वादात कोण खरं होतं हा इथला विषय नाही. पण गावाचं नाव देशभर झालं म्हणून गावातल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक वाढतंच असं नाही. रेडिओच्या वेळचीच गोष्ट ही, निरोप पुढे आणि माल मागे.

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दाखवायचं ठरवलं. पेजवरच्या पोस्ट मागे पडल्या आणि पुढे यायचं तर पैसे भरून बूस्ट करा, असा मामला झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. गावाकडच्या कित्येक पोरांनी तिथे जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. नऊ दिवसांनी, ८ जुलैला, इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले, पण जुने फॉलोअर काही आपोआप तिकडे आले नाहीत. माझ्या मते हे दोन दणके गावच्या विक्रेत्यांना कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवून गेले. फॉलोअर कंपनीच्या ताब्यात असतो, गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या.

नंबरचं महत्त्व विदर्भात आणखी एका कारणाने वाढलं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अडखळल्या, आठवडी बाजार बंद पडले. टरबूज आणि मृग बहाराची शेवटची संत्री शेतात होती. एरवी संत्र्याचा व्यापारी झाडावरचाच माल ठरवून घेतो, कास्तकाराला खाणाऱ्याचं तोंड दिसत नाही. त्या उन्हाळ्यात बऱ्याच कास्तकारांनी नागपूर-अमरावतीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो आणि भाव टाकून थेट गेटवर माल उतरवला. टाळेबंदी उठल्यावर व्यापारी परतले, कारण दहा टन संत्री गेटवर विकली जात नाहीत. पण दहा-वीस पेट्यांचं थेट गिऱ्हाईक काहींनी टिकवून ठेवलं.

टिकलं कुणाचं? ज्यांनी नंबर जपले त्यांचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत लोक बसतात, पण समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर निरोप त्याला पोचतच नाही. स्टेटसचंही तसंच. म्हणून हुशार विक्रेता पेटी देतानाच गिऱ्हाइकाला सांगतो, ‘दादा, नंबर सेव्ह करा, आंबिया निघाला की कळवतो.’ आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. फळ अर्धं पिवळं झालं की फोटो टाकायचा, इसार घ्यायचा आणि तोडणीचा दिवस सांगायचा. वर्षभर रोज ‘शुभ सकाळ’ टाकणाऱ्याचं स्टेटस लोक म्यूट करतात. मग ऐन हंगामात त्याचा आवाज कुणाच्याच कानावर पडत नाही.

भावाच्या बाबतीत मात्र गावाने शहराची एक वाईट सवय उचलली. ‘रेट इनबॉक्समध्ये विचारा.’ बाजारात भाव ओरडून सांगायची आपली रीत, मग मोबाइलवर तो लपवायचा कशाला? विचारायलाही लाजणारं गिऱ्हाईक तिथूनच परत जातं. वजन, भाव आणि घरपोच खर्च पहिल्याच फोटोवर असलेला बरा.

नावाचा प्रश्न वेगळा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये, वायगाव हळदीला आणि भिवापूर मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं. आधी मोंढ्यात पोत्याने जाणारी हळद आता नाव घेऊन मागितली जाते. पण नावामागे नक्कलही येते. भिवापुरी म्हणून भलतंच तिखट विकणारे फोनवरही आहेत. अस्सलपणा दाखवायला अशा वेळी जुनी वर्ध्याची रीतच उपयोगी पडते. शेत दाखवा, वाळवण दाखवा, कांडप दाखवा. खायचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक पाकिटावर हवाच.

बचत गटांचं गणित थोडं निराळं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासूनचं, बचत गटांना साथ देणारं राज्याचं ‘उमेद’ अभियान २०११ चं. प्रदर्शनात लावलेला स्टॉल चार दिवसांत उठतो, म्हणून स्टॉलवर आलेल्या प्रत्येकीचा नंबर वहीत लिहून घेणाऱ्या गटाला पुढे सरगुंडे, कुरड्या आणि जवसाच्या चटणीची मागणी येत राहते. मोबाइल बहुधा गटातल्या एखाद्या बाईच्या मुलाकडे असतो. तो पुण्याला शिकायला गेला की स्टेटस थांबतं. आणि पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, असं सांगून लुबाडणारे फोन या नव्या विक्रेत्यांनाच जास्त येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे प्रत्येक गटात मोठ्याने सांगून ठेवायला हवं.

राहिला माल पोचवण्याचा प्रश्न. गावात कुरिअरवाला येत नाही, तालुक्याला जावं लागतं. पोस्ट सगळीकडे आहे, पण काचेची लोणच्याची बरणी त्यात टाकायला जीव धजत नाही. म्हणून वर्षानुवर्षं कंडक्टरच्या ओळखीवर एसटीतून डबे-पिशव्या जायच्या. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपात गाड्या थांबल्या, तेव्हा ही वाटही बंद झाली. संप मिटला, गाड्या पुन्हा धावू लागल्या. पण पन्नास किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला दोन किलो हळद पाठवायचा खर्च आजही हळदीच्या नफ्याएवढा होतो. म्हणून जाणते विक्रेते लांबची ऑर्डर पाच किलोच्या खाली घेत नाहीत, किंवा एकाच सोसायटीतल्या चार-पाच घरांची मागणी जमली की मगच गाडी काढतात.