शिंगाडा, चेस्टनट आणि डब्यातला वॉटर चेस्टनट

दसऱ्याच्या आसपास नागपुरात शिंगाड्याचे ठेले लागतात. एकीकडे कच्चे हिरवे-लाल, दुसरीकडे उकडून काळे पडलेले. सुपरमार्केटात चायनीज सॉसच्या शेजारी ‘वॉटर चेस्टनट’चा डबा असतो आणि डिसेंबरात मोबाइलवर फिरणाऱ्या केक-सूपच्या कृतींमध्ये नुसता ‘चेस्टनट’ असतो. ही तीन वेगळ्या कुळांतली झाडं आहेत. एकाच्या जागी दुसरा घातला की पदार्थ का फसतो, याचं उत्तर त्यांच्या पेशींत आहे.

आधी आपला शिंगाडा. वनस्पतिशास्त्रात तो ट्रापा. कूळ मेंदी आणि डाळिंबाचं, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, ढीवर समाज पिढ्यान् पिढ्या हे पीक घेत आला आहे. पिकलेल्या फळांपासून हिवाळ्याच्या शेवटी रोप धरतात आणि पावसाळ्यात तलाव भरू लागले की वेली लावतात. लावणीची जुनी रीत अशी की पाण्यात उभं राहून वेलीचं टोक पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायचं. पानांचा चक्राकार झुबका पाण्यावर तरंगतो, कारण देठ मध्येच फुगलेला असतो आणि त्या फुगीर भागात हवा असते. चार पाकळ्यांचं पांढरं फूल पाण्यावर उमलतं. फलधारणा झाली की त्याचा देठ खाली वळतो आणि फळ पाण्याखाली पोसतं. म्हणून तोडणाऱ्याला झुबका उलटून खाली बघावं लागतं.

फळाची शिंगं म्हणजे फुलाची कडक झालेली निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं. आत एकच बी असतं. त्याच्या दोन बीजपत्रांपैकी एक खवल्याएवढं राहतं आणि दुसरं पिष्टाने, म्हणजे स्टार्चने, गच्च भरतं. आपण खातो ते हे दुसरं. हे बी वाळलं की मरतं, त्यामुळे नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला सुका शिंगाडा कितीही भिजवला तरी रुजणार नाही. बियाणं पाण्यातच ठेवावं लागतं. पिकाचा मोठा शत्रू म्हणजे शिंगाड्याचा भुंगेरा. त्याची अळी आणि प्रौढ किडा दोघेही पानांची चाळण करतात. पान गेलं की पिष्ट कुठून येणार? फळं मग पोकळ निघतात.

ताज्या गराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७० ग्रॅम पाणी, २३ ग्रॅम कर्बोदकं, चार-पाच ग्रॅम प्रथिनं आणि नावापुरती चरबी असते. वाळवल्यावर एक किलो गराचे जेमतेम साडेतीनशे ग्रॅम उरतात. पिठाचा भाव ऐकून कपाळाला आठ्या घालण्याआधी एवढा हिशेब करावा.

घेताना फळ जड आणि टणक बघावं. हलकं लागलं तर आतला गर आक्रसलेला असतो. कच्चा शिंगाडा दातांनी सोलायची सवय मात्र वाईट. फॅसिओलॉप्सिस बुस्की नावाचा चपटा कृमी माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात वाढतो. त्याची एक अवस्था पाण्यातल्या गोगलगायीत जाते आणि पुढची कोष करून पाणवनस्पतींच्या पृष्ठभागावर चिकटून बसते. साल दातांत धरली की ते कोष थेट पोटात. सांडपाणी उतरणाऱ्या तळ्यातले शिंगाडे तर कच्चे खाऊच नयेत. मिठाच्या पाण्यात कोवळे १५ मिनिटं आणि जून २५ मिनिटं उकळले की काम झालं. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की ते काळं होतं. लोखंडी कढईतले शिंगाडे म्हणूनच जास्त काळे दिसतात. त्यात भेसळ काही नाही.

उकडल्यावर शिंगाडा पिठूळ होतो, आणि डब्यातल्या वॉटर चेस्टनटशी त्याचं जमत नाही ते इथेच. डब्यातला म्हणजे एलिओकॅरिस डल्सिस, नागरमोथ्याच्या कुळातली दलदलीतली वनस्पती. तिचं फळ खात नाहीत, चिखलातला कंद खातात. सामान्य भाजी शिजते तेव्हा पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि भाजी मऊ पडते. या कंदाच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्लाच्या जोड्यांचे टाके असतात आणि ते उकळूनही सुटत नाहीत. त्यामुळे डब्यातून काढून पुन्हा परतला तरी तो कुरकुरीतच लागतो. चायनीज भाजीत उकडलेला शिंगाडा घातलात तर रस्सा घट्ट होईल आणि कुरकुर मिळणार नाही. कोवळा शिंगाडा सोलून, पातळ काप करून, वाफ काढून शेवटच्या मिनिटाला टाकला तर थोडीफार वेळ निभावते.

खरा चेस्टनट म्हणजे कॅस्टानिया. ओकच्या कुळातला हा वृक्ष थंड प्रदेशातला. बदाम-अक्रोडात तेल असतं, तर याच्यात निम्मं पाणी, सुमारे ४५ टक्के कर्बोदकं आणि चरबी दोनेक टक्केच. भाजण्याआधी सालीला सुरीने फुलीसारखी चीर द्यावीच लागते, नाहीतर आतली वाफ कोंडून तो ओव्हनमध्ये फुटतो. २०० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजून गरम असतानाच सोलावा, कारण गार झाला की आतलं पातळ साल सुटत नाही. सूपसाठी किंवा सारणासाठी याच्याऐवजी उकडून कुस्करलेला जून शिंगाडा चांगला चालतो. चिमूटभर साखर घाला, कारण चेस्टनट मुळात गोडसर असतो. अमेरिकेतल्या चेस्टनटवर १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक बुरशीरोग आढळला आणि पुढच्या अर्धशतकात तिथली अब्जावधी झाडं वाळली.

हॉर्स चेस्टनट मात्र या पंगतीत बसवायचा नाही. त्याच्या बियांत एस्किन नावाचं सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य, असतं, त्याने उलट्या आणि जुलाब होतात. हिमालयात त्याचा भाऊबंद उगवतो, तेव्हा सहलीला गेलेल्यांनी ओळख ठेवावी. खाण्याच्या चेस्टनटचं कवच सुयांनी गच्च भरलेलं आणि बी टोकदार. हॉर्स चेस्टनटच्या कवचावर विरळ काटे किंवा नुसता खडबडीतपणा, बी गोल आणि पान पंजासारखं, एका देठावर पाच-सात पर्णिका.

आता उपासाचं शिंगाड्याचं पीठ. यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही, म्हणून पोळी लाटली की कडेने तडकते. एक वाटी पिठात एक मध्यम उकडलेला बटाटा, दोन चमचे दाण्याचं कूट, मिरची, जिरं आणि सैंधव घालून गरम पाण्याने मळा, दहा मिनिटं झाका आणि ओल्या फडक्यावर थालीपीठ थापा. गरम पाण्याने थोडं पिष्ट फुगून चिकट होतं आणि तेच बांधून धरतं. खिरीचं मात्र उलट आहे. पीठ थेट उकळत्या दुधात टाकलं तर गोळ्याच्या बाहेरचा थर लगेच शिजून बंद होतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं. अर्ध्या लिटर दुधाला दोन चमचे पीठ आधी गार दुधात कालवून मग सोडावं.

महाशिवरात्रीला पुडा फोडला आणि कुबट किंवा कडवट वास आला, तर भाजून वास घालवायच्या फंदात पडू नका, पीठ टाकून द्या. बुरशीची काही विषं भाजण्याच्या आचेला दाद देत नाहीत. त्यापेक्षा अख्खे सुके शिंगाडे आणावेत, फोडून आतून पांढरे आहेत ना ते बघावं, एक दिवस कडक उन्हात ठेवून महिन्यापुरतेच दळून घ्यावेत. गिरणीत दळणार असाल तर आधी कोणाचं धान्य होतं ते विचारा. गव्हानंतर दळलं तर गव्हाचं पीठ त्यात येतंच, आणि ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांना तेवढंही बाधतं.