आंबे किती आणि आंबे कोणते: पर्ल नावाची उत्तरआधुनिक भाषा

माणसाच्या भाषेत अर्थ संदर्भाने बदलतो आणि संगणकाच्या भाषेत एका वाक्याचा एकच अर्थ असतो, असं सरसकट सांगितलं जातं. यातलं दुसरं विधान अर्धवट आहे. संदर्भ पाहून अर्थ बदलणारी, आणि तरीही काटेकोर असलेली एक प्रोग्रॅमिंग भाषा १९८७ पासून वापरात आहे. तिचं नाव पर्ल. तिचे कर्ते लॅरी वॉल यांनी १९९९ साली एका भाषणात तिला ‘पहिली उत्तरआधुनिक संगणकभाषा’ म्हटलं होतं.

उत्तरआधुनिकता हा शब्द ऐकला की विज्ञानाची माणसं सावध होतात. ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९७९ साली तिचं वर्णन ‘महाकथनांवरचा अविश्वास’ असं केलं. सगळ्या जगाला एकाच सूत्रात बसवणाऱ्या मोठ्या कथांवर विश्वास ठेवू नका, असा त्याचा मथितार्थ. प्रोग्रॅमिंगमध्येही अशी महाकथनं होती आणि आहेत: सगळं गणितासारखं शुद्ध हवं, सगळं एकाच साच्यातून निघालं पाहिजे, वगैरे. वॉल यांचं शिक्षण भाषाशास्त्राचं. त्यांनी सी, ऑक, सेड या आधीच्या भाषा आणि युनिक्स या संगणकप्रणालीचं आज्ञा घेणारं शेल यांतलं जे कामाचं वाटलं ते उचललं आणि एकत्र केलं. ‘एक काम करायच्या अनेक वाटा असतात’ हे पर्लचं ब्रीद झालं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार पर्लवाले ‘टिम टोडी’ असा करतात. याच्या नेमकं उलट सूत्र पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेचं: उघड दिसणारी वाट एक असावी, शक्यतो एकच.

पण ब्रीदवाक्यांपेक्षा मला पर्लमधली एक यंत्रणा जास्त मोलाची वाटते. तिचं नाव संदर्भ.

पर्लमध्ये एकेरी गोष्टीच्या नावापुढे $ आणि यादीच्या नावापुढे @ लावतात. समजा, @आंबे या यादीत हापूस, पायरी आणि केसर अशी तीन नावं आहेत. (नावं देवनागरीत लिहिता येतात, तशी सूचना आधी एका ओळीत द्यावी लागते.) आता ही दोन वाक्यं पाहा:

$किती = @आंबे;
($कोणता) = @आंबे;

उजवी बाजू दोन्हीकडे तीच आहे. पहिल्या वाक्यात डावीकडे एकेरी जागा आहे. तिथे यादी मावणार नाही, म्हणून यादी आपली संख्या देते: ३. दुसऱ्यात कंसामुळे डावी बाजूच यादी झाली. मग यादीला यादी जुळवली जाते आणि पहिल्या जागी पहिलं नाव येतं: हापूस. चहाच्या टपरीवर ‘पाच द्या’ म्हटलं की पाच कप येतात आणि भाजीच्या गाडीवर तेच म्हटलं की पाच किलो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पर्लमध्ये संदर्भ कसा ओळखायचा याचे नियम ठरलेले आहेत. वेळ विचारणारी आज्ञासुद्धा एकेरी संदर्भात वाचता येईल अशी तारीख-वेळ देते आणि यादीच्या संदर्भात सेकंद, मिनिटं, तास असे नऊ सुटे आकडे देते.

याच्या पुढची पायरी जरा कठीण आहे, पण तीच सगळ्यात सुंदर आहे. पर्लमध्ये तिरकी रेघ भागाकारासाठी वापरतात आणि मजकुरात शोधायचा नमुना दोन तिरक्या रेघांमध्ये लिहितात. # या खुणेपासून ओळ संपेपर्यंतचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो. आता हे वाचा:

भाव / $वजन ; # / ; थांब();

‘भाव’ ही आज्ञा पुढे कुठलीच माहिती घेत नसेल, तर पहिली रेघ भागाकाराची. मग # पासून पुढे सगळी टीप, ‘थांब’ कधी चालतच नाही. पण ‘भाव’ पुढे काही घेत असेल, तर दोन रेघांमधला सगळा मजकूर # सकट शोधायचा नमुना ठरतो, आणि ‘थांब’ चालते! ‘भाव’ काही घेते की नाही, हे वाचन चालू असतानाच चालवलेल्या दुसऱ्या कोडवरही ठरू शकतं. ते कोड काय करेल हे न चालवता सांगायचं, तर गाठ थेट ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या सिद्धान्ताशी पडते: कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. म्हणून कुठलाही पर्ल प्रोग्रॅम दिला तरी तो न चालवता त्याचं व्याकरण खात्रीने लावेल, अशी एकच रीत असू शकत नाही. जेफ्री केग्लर यांनी २००८ साली हे रीतसर सिद्ध केलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अर्थ संदर्भावर ठरतो, याचा अर्थ कुणीही काहीही म्हणावं असा नाही. दोन्ही वाक्यांमध्ये आंबे तीनच होते. बदलला तो प्रश्न. ‘सगळंच सापेक्ष असतं, असं आइनस्टाइन म्हणाले’ हे वाक्य व्याख्यानांत टाळ्या मिळवतं, पण त्यांच्या सिद्धान्ताचा पायाच असा, की निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग आणि निसर्गाचे नियम सगळ्या निरीक्षकांना सारखेच असतात. १९९६ साली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी भौतिकशास्त्राच्या परिभाषेने नटवलेला एक मुद्दाम निरर्थक लेख ‘सोशल टेक्स्ट’ या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाला पाठवला आणि तो छापून आला. संपादकांनी एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला तो वाचायला दिला असता, तर हे टळलं असतं. पर्लमध्ये असा निरर्थक मजकूर खपवायची सोय नाही. चुकीचं लिहिलं तर कुठल्याही शब्दजंजाळाने ते चालत नाही.

या मोकळेपणाची किंमत मात्र पर्लवाल्यांनी मोजली. प्रत्येकाची वाट वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचं लिखाण वाचताना दमछाक होते. म्हणून त्यांनीच ब्रीदाला शेपूट जोडलं: ‘पण कधी कधी सुसंगतीही वाईट नसते.’ तरीही मानवी जनुकसंचयाच्या प्रकल्पात वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या रचनेत माहिती देत होते, तेव्हा त्यांना एकमेकांशी जोडायला पर्लच उपयोगी पडली. डीएनए म्हणजे चार अक्षरांचा लांबलचक मजकूर, आणि मजकुरात नमुने शोधण्यात तिचा हात धरणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं.

पर्लची सहावी आवृत्ती २००० साली जाहीर झाली, २०१५ च्या डिसेंबरात आली आणि २०१९ मध्ये तिचं नाव राकू झालं. तिच्यात $किती = @आंबे असं लिहिलं तर ३ मिळत नाही. अख्खी यादीच $किती मध्ये जाऊन बसते, संख्या हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. नवशिक्यासाठी हे सोपं आहे, हे मान्य. मला मात्र जुनीच रीत जास्त आवडते. तिथे वाक्याची डावी बाजू वाचल्याशिवाय उजवीचा अर्थ लागत नाही, आणि वाचणाऱ्याला पूर्ण वाक्य वाचावंच लागतं.