मानव विकास व कुटुंब अभ्यास : पीएच.डी. संशोधन

गृहविज्ञानाच्या मानव विकास या शाखेतील पीएच.डी.साठीचे संशोधन. माणूस गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत कसा वाढतो आणि घर त्या वाढीला कुठे हात देते, कुठे अडवते, हा त्याचा विषय. ‘होम सायन्स’ म्हटले की अनेकांना अजून पाककृती आणि शिवणकामच आठवते. या शाखेचे काम मात्र मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि बालआरोग्य यांच्या सीमेवर चालते.

भारतात या अभ्यासाचे एक जुने केंद्र म्हणजे बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तिथे १९५० मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी बेली या अमेरिकी मापनश्रेणीवरून भारतीय बाळांसाठी ‘बडोदा मानके’ तयार केली. त्यांतूनच पुढे ‘डासी’ (डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फंट्स) ही भारतीय बाळांची विकास-तपासणी श्रेणी आली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळाची वाढ ती ६७ कारक (हालचालींच्या) आणि १६३ मानसिक कृतींवरून तपासते. परक्या मुलांवर बेतलेल्या फूटपट्टीने आपली मुले मोजायची नाहीत, हा या शाखेचा धडा बडोद्यात असा पक्का झाला.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात मानव विकासाचा विभाग आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. पुनर्नोंदणीने मुदत वाढते आणि स्त्री-संशोधकांना आणखी सवलत आहे. कोर्सवर्क, प्रबंध, मौखिक परीक्षा हा क्रम इतर विषयांसारखाच.

खरी कसोटी क्षेत्रकार्यात लागते. मुलांवरील संशोधनात पालकांची लेखी संमती तर हवीच, पण कळत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. आयत्या प्रश्नावल्या मराठीत आणताना भाषांतर पुन्हा मूळ भाषेत फिरवून ताडून पाहतात. तरीही ‘वेल-बीइंग’ला नेमका शब्द सापडत नाही : ‘स्वास्थ्य’ म्हणावे तर तब्येत डोळ्यांपुढे येते, ‘सुख’ म्हणावे तर पैसाअडका. त्यात मुलाखत घरातच, बहुधा सासूबाईंच्या देखत. अशा वेळी ‘बरं चाललंय’ या उत्तराला पाचपैकी किती गुण द्यायचे, हे कोणतीही मापनश्रेणी सांगत नाही. म्हणून पुष्कळ संशोधक आकड्यांच्या जोडीला निरीक्षणाच्या वह्या ठेवतात.