विक्रमांचं १९६८: हवेचं किती, माणसांचं किती

ॲथलेटिक्समध्ये १९६८चा विषय निघाला की त्या वर्षीचं ऑलिंपिक जिथे झालं त्या मेक्सिको सिटीच्या विरळ हवेचा दाखला ठरलेला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, हवेचा अडथळा कमी, म्हणून विक्रम झाले. हे चूक नाही, पण अपुरं आहे, आणि त्या खेळाडूंवर अन्याय करणारंही.

विक्रमांची सुरुवात मुळात मेक्सिकोत झालीच नव्हती. २० जूनला सॅक्रामेंटोत, उंचीचा काहीही फायदा नसताना, जिम हाइन्स, रॉनी रे स्मिथ आणि चार्ल्स ग्रीन असे तिघं एकाच संध्याकाळी १०० मीटर ९.९ सेकंदांत (हाताने मोजलेली वेळ) धावले. त्याआधीचा मान्य विक्रम १०.० सेकंदांचा होता. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने आपली ऑलिंपिक निवड चाचणी मुद्दाम कॅलिफोर्नियातल्या इको समिट या मेक्सिको सिटीइतक्याच उंच ठिकाणी घेतली. तिथे जॉन कार्लोसने २०० मीटरला १९.७ आणि ली इव्हान्सने ४०० मीटरला ४४.० सेकंद अशी वेळ दिली. पण दोघांच्या बुटांना मोजक्या खिळ्यांऐवजी ब्रशसारखे डझनावारी बारीक खिळे होते. नियमात ते बसेनात, म्हणून नोंदी नाकारल्या गेल्या, आणि ४०० मीटरचा विक्रम दुसरा आलेल्या लॅरी जेम्सच्या ४४.१ला मिळाला.

ऑक्टोबरात ऑलिंपिकला, यंत्राने मोजलेल्या वेळेत, १०० मीटरला हाइन्स ९.९५, २०० मीटरला टॉमी स्मिथ १९.८३, ४०० मीटरला इव्हान्स ४३.८६ सेकंद. ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम ट्रॅक होता, त्याचाही यात वाटा आहे. लांब पल्ल्याला मात्र हीच कमी ऑक्सिजनची हवा वैरी ठरली. १०,००० मीटरचा विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क शर्यत संपवून कोसळला, आणि विजेत्या नफ्ताली तेमूची वेळ क्लार्कच्या विक्रमाहून पावणेदोन मिनिटांनी जास्त होती.

तिहेरी उडीत तर दोन दिवसांत विश्वविक्रम पाच वेळा मोडला. पात्रता फेरीत इटलीच्या जेंतिलेने १७.१० मीटर उडी घेतली. अंतिम फेरीत जेंतिले १७.२२, सोव्हिएत संघाचा सानेयेव १७.२३, ब्राझीलचा प्रुदेन्सिओ १७.२७, आणि शेवटच्या प्रयत्नात सानेयेव १७.३९. दोनदा विश्वविक्रम करून जेंतिलेच्या हाती कांस्यपदक आलं. मला ही स्पर्धा त्या ऑलिंपिकची सर्वांत थरारक वाटते, जरी लोकांच्या लक्षात दुसऱ्या दिवशीची एकच उडी राहिली.

ती लांब उडीतली, अमेरिकेच्या बॉब बीमनची. पात्रता फेरीत त्याचे पहिले दोन्ही प्रयत्न फाउल गेले होते. १८ ऑक्टोबरला अंतिम फेरीतल्या पहिल्याच प्रयत्नात तो इतका लांब पडला की मोजणीच्या नव्या यंत्राची पट्टी तिथवर पोचेना. पोलादी टेप आणावा लागला. अंतर निघालं ८.९० मीटर. जेसी ओवेन्सच्या १९३५च्या ८.१३वरून विक्रम ८.३५पर्यंत सरकायला तीस वर्षं लागली होती. बीमनने त्यात एका उडीत ५५ सेंटिमीटरची भर घातली.

वारा पाठीशी होता, सेकंदाला २.० मीटर, म्हणजे नियमाच्या अगदी काठावर; याहून जास्त वारा असता तर विक्रम धरला गेला नसता. हेही मान्य. पण रौप्यपदक मिळवणारा क्लाउस बेअर त्याच खड्ड्यात, त्याच विरळ हवेत ८.१९ मीटरवर थांबला. सोव्हिएत संघाच्या तेर-ओवानेस्यानने वर्षभर आधी याच शहरात उडी घेतली होती, तीही ८.३५ची, विक्रमाशी फक्त बरोबरी करणारी.

बीमनचा विक्रम मोडायला ३० ऑगस्ट १९९१ उजाडला. माइक पॉवेलने ८.९५ मीटर उडी घेतली ती टोकियोत, समुद्रकाठच्या शहरात.