मागच्या विंडोचं काय होतं?

अ‍ॅपलच्या मॅकिंतॉश संगणकाचं स्क्रीनवर चित्रं काढणारं सॉफ्टवेअर लिहिणारे बिल अ‍ॅटकिन्सन ५ जून २०२५ रोजी गेले. त्या बातमीनंतर आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर तोच नेहमीचा मेसेज पुन्हा फिरला: विंडो (स्क्रीनवरच्या चौकटी), माउस, आयकॉन हे सगळं झेरॉक्स कंपनीने शोधलं आणि अ‍ॅपलने एका दुपारी जाऊन चोरलं. गंमत म्हणजे आपल्याकडे 'झेरॉक्स' या शब्दाचा अर्थच नक्कल, त्यामुळे गोष्ट चटकन पटते. पण ती अर्धवट आहे, आणि जो भाग सुटतो तो मला सगळ्यांत सुंदर वाटतो: एका विंडोमागे झाकलेली दुसरी पुन्हा कशी दिसते.

आधी तारखा. माउस ना झेरॉक्सचा, ना अ‍ॅपलचा. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी डबीत दोन चाकं बसवून तो बनवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाच्या प्रात्यक्षिकात एंगलबार्ट यांनी तो जगाला दाखवला. झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या प्रयोगशाळेत 'अल्टो' हा संगणक चालू झाला १९७३ मध्ये. अ‍ॅपलची मंडळी तिथे गेली १९७९ च्या अखेरीस, आणि तीही मागच्या दाराने नव्हे. अ‍ॅपलचे एक लाख शेअर दहा लाख डॉलरना घेण्याची मुभा झेरॉक्सला मिळाली होती, त्या व्यवहाराचाच हा भाग होता.

आता मूळ मुद्दा. त्या काळातला घरगुती संगणक स्क्रीनवर मुख्यतः काय दाखवायचा? अक्षरं. १९८४-८५ मध्ये आपल्या देशातल्या काही शाळांत 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांची मेमरी ३२ केबी (एक केबी म्हणजे १,०२४ बाइट). त्यांच्या अक्षरांच्या मोडमध्ये २५ ओळी, दर ओळीत ४० अक्षरं, दर अक्षराला एक बाइट, म्हणजे एकूण हजार बाइट. मेमरीत फक्त 'इथे ए आहे' एवढी नोंद असायची. ए दिसतो कसा, ते एका चिपमध्ये कायमचं कोरलेलं. म्हणूनच त्या चिपमध्ये नसलेलं 'क्ष' किंवा 'र्‍या' या मोडमध्ये उमटूच शकत नसे. पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 'जिस्ट' कार्ड आणलं, तेव्हा पीसीवर भारतीय लिप्यांसाठी वेगळं हार्डवेअरच जोडावं लागलं.

अल्टोने हा हिशेबच बदलला. तिथे स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची रांगोळी: ६०६ आडवे, ८०८ उभे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढीच नोंद (आठ बिटचा एक बाइट). बिट १ असेल तर काळा, ० असेल तर पांढरा. आता कुठलंही अक्षर, कुठलंही चित्र काढता येतं. पण किंमत बघा: ६०६ गुणिले ८०८ म्हणजे ४,८९,६४८ बिट, जवळपास ६० केबी. अल्टोची सगळी मेमरी होती १२८ केबी. निम्मी मेमरी नुसत्या स्क्रीनला गेली! घरगुती संगणकाला हे परवडणारं नव्हतं.

आणि इथेच तो प्रश्न येतो, जो मला एका शाळकरी मुलीने विचारला होता: एक विंडो दुसरीवर ठेवली की खालचा झाकलेला भाग कुठे जातो?

टेबलावरच्या कागदांसारखा तो खाली असेल असं आपल्याला वाटतं. पण प्रत्येक ठिपक्याला बिट एकच. तिथे पुढच्या विंडोचा ठिपका लिहिला की मागचा पुसला गेला. १९८४ च्या मॅकिंतॉशमध्ये १२८ केबीच मेमरी होती. ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांच्या स्क्रीनने त्यातली २१,८८८ बाइट घेतलेली. झाकलेल्या भागांची प्रत सांभाळायला जागा कुठून आणणार? म्हणजे मागच्या विंडोचा तो भाग खरोखर कुठेच नव्हता.

मग पुढची विंडो सरकवली की तो परत कसा दिसतो? पुन्हा काढावा लागतो, आणि अचूक तेवढाच. मागची अख्खी विंडो, मग तिच्यावर पुढची, असं दर वेळी रंगवत बसलं तर स्क्रीन लुकलुकणार आणि सगळं रेंगाळणार. अ‍ॅटकिन्सन यांची समजूत होती की झेरॉक्समध्ये त्यांनी हे आपोआप होताना पाहिलं. प्रत्यक्षात तिथे तसं होत नव्हतं! अर्धवट झाकलेल्या विंडोत तिथे काही काढता येत नसे, ती आधी वर आणावी लागे. जे पाहिलंच नव्हतं, ते 'शक्य आहे' या खात्रीवर त्यांनी शोधून काढलं. त्याचं नाव 'रीजन', म्हणजे स्क्रीनवरच्या कुठल्याही आकाराच्या भागाची थोडक्यात नोंद.

एक चौकट घ्या: स्तंभ १०० ते ३००, ओळ ५० ते २५०. तिचा खालचा उजवा कोपरा, म्हणजे स्तंभ २०० आणि ओळ १५० च्या पुढचा भाग, दुसऱ्या विंडोने झाकलेला. उरले ३०,००० ठिपके. त्यांची यादी ठेवायची नाही. वरून खाली ओळीने यायचं आणि 'आत-बाहेर' कुठे उलटतं, त्यातला फक्त बदल लिहायचा. ओळ ५०: १०० आणि ३०० ला उलटा. पुढच्या ९९ ओळी तशाच, म्हणून काहीच लिहायचं नाही. ओळ १५०: २०० आणि ३०० ला उलटा, आता आतला भाग १०० ते २०० उरला. ओळ २५०: १०० आणि २०० ला उलटा, आकार संपला. तीन ओळींचे क्रमांक आणि सहा उलटण्याच्या जागा, एवढ्यात ३०,००० ठिपके बसले. त्या सहा जागा म्हणजे आकाराचे सहा कोपरे आहेत, कागदावर काढून बघा!

खरी ताकद पुढे आहे. अशा दोन याद्या वरून खाली एकत्र वाचत गेलं की शाळेत शिकलेले संचांचे संयोग, छेद आणि फरक थेट काढता येतात. विंडो सरकली की जुन्या आणि नव्या दिसणाऱ्या भागांचा फरक काढायचा आणि त्या प्रोग्रामला निरोप द्यायचा: एवढा भाग उघडा पडलाय, तेवढाच पुन्हा काढ. साधी पूर्ण चौकट असेल तर तिचं रीजन फक्त १० बाइटचं.

   

त्या मुलीच्या प्रश्नाच्या 'कुठेच नाही' या उत्तरात मात्र एक दुरुस्ती करायला हवी. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस एक्स या मॅकच्या नव्या प्रणालीपासून अ‍ॅपलने प्रत्येक विंडोची पूर्ण प्रत मेमरीत वेगळी ठेवायला सुरुवात केली, झाकलेल्या भागासकट. म्हणजे आज मागचा भाग खरोखरच मागे असतो. त्या प्रणालीला किमान मेमरी लागायची १२८ एमबी (एक एमबी म्हणजे १,०२४ केबी), पहिल्या मॅकिंतॉशच्या १,०२४ पट.