पेसमेकरची रात्र किती वाजता सुरू होते?

पेसमेकर बसवला की चक्कर थांबते, जिना चढवतो, रंकाळ्याची फेरी पुन्हा सुरू होते. तरी तपासणीला आलेले काही जण हळूच सांगतात, ‘दिवसभर काय न्हाई बघा डॉक्टर, रात्री आडवं झालं की छातीत धडधडतंय, डोळा लागत न्हाई.’ घरचे म्हणतात, मनाचे खेळ. मला ते पटत नाही. या तक्रारीमागे पुष्कळदा यंत्रात भरलेला एक आकडा असतो, आणि तो बदलता येतो.

तो आकडा म्हणजे किमान गती, बहुधा मिनिटाला ६० ठोके. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला आलं की उघडतात, एरवी मिटलेले राहतात. पेसमेकरही हृदयाची गती ठरल्या रेषेखाली जाईपर्यंत गप्प असतो. गेली की बारीकसा विद्युत ठोका देतो.

गाढ झोपेत हृदयाला मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो आणि निरोगी हृदयसुद्धा ५०च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतं. वर्षानुवर्षं तालमीत घाम गाळलेल्यांचं तर ४०पर्यंतही जातं. किमान गती ६० ठेवलेला पेसमेकर मात्र हृदयाला ही उतरण घेऊ देत नाही. दिवसा कामाच्या गडबडीत ते कळत नाही. रात्री उशीला कान टेकला की एकेक ठोका मोजता येतो.

यावर कंपन्यांनी फार पूर्वीच तोड काढली आहे. अनेक पेसमेकरांत रात्रीची वेगळी किमान गती भरता येते, समजा ५०. त्यासाठी चिरफाड लागत नाही. तंत्रज्ञ छातीवर वाचक यंत्र धरतो आणि संगणकावर आकडा बदलतो. पण ही सोय अनेकदा बंदच असते. ती मागावी लागते.

मागताना आपली रात्र कोणती, हेही सांगावं लागतं. काही पेसमेकर शरीराची हालचाल थंडावली की विश्रांती ओळखतात, काही मात्र निव्वळ घड्याळावर चालतात: अमुक वाजता झोप, तमुक वाजता जाग. तंत्रज्ञानं दहा ते सहा भरलं, तर शिरोळच्या शेतकऱ्याचं काय? शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात तो मध्यरात्री उसाला पाणी पाजत बांधावर उभा असतो. गुऱ्हाळावर सूर्य उगवायच्या आत चुलवाण पेटतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिसरी पाळी असते. हालचालीनुसार ठोके वाढवणारा सेन्सर बंद असेल, तर ज्याचं हृदय पूर्ण यंत्रावर अवलंबून आहे, त्याला चिखलात पाय ओढतानाही झोपेतलेच ठोके मिळतील. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आजीचंही तेच, कारण यंत्रातलं घड्याळ भारताचंच राहतं. अशा माणसांना घड्याळाची सोय न वापरलेली बरी.

दुसरा मार्ग हिस्टेरेसिसचा. यात यंत्र ६०ला लगेच मधे पडत नाही. हृदयाची स्वतःची गती ५०खाली जाईपर्यंत वाट बघतं, मग ६०नं चालवतं. ज्याचं हृदय अधूनमधूनच अडखळतं, त्याला हे मानवतं.

गती कमी करणं सगळ्यांना चालत नाही, हे इथं ठासून सांगायला हवं. ईसीजीवर दिसणारं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या सावरायला लागणारा वेळ, लांबलेल्या रुग्णात ठोक्यांमधला लांब खंड घातक लय सुरू करू शकतो. हृदय कमजोर असलेल्या काहींना उलट थोडी जास्त गती लागते. म्हणून आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. शेजारच्या काकांना ५० मानवला म्हणून आपल्यालाही मानवेल असं नाही.

घोरणाऱ्यांसाठी आणखी एक. २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १५ रुग्णांवर उलटा प्रयोग केला: रात्रीची गती मिनिटाला १५ ठोक्यांनी वाढवली. झोपेत श्वास अडण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले, मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या काही वर्षांतल्या इतर अभ्यासांत तो फायदा टिकला नाही. घोरताना श्वास अडत असेल तर झोपेची तपासणी आणि सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, हाच मुख्य रस्ता आहे. श्वास अडल्यानं रात्री ठोकेही मंदावतात, त्यामुळे केवळ झोपेतल्या मंद ठोक्यांसाठी पेसमेकर सुचवला गेला, तर आधी ही तपासणी झाली का, हे जरूर विचारावं.

सांधेदुखीवर म्हणून घरोघर विकली जाणारी चुंबकीय गादी किंवा उशी मात्र पेसमेकरवाल्यानं वापरूच नये. चुंबक जवळ आला की बहुतेक यंत्रं हृदयाचं ऐकणं थांबवून ठरावीक गतीनं, काही मॉडेलांत मिनिटाला ८५नं, ठोके देत राहतात.

आणि रोज रात्री ठरल्या वेळी, समजा एक वाजता, छातीत क्षणभर फडफडत असेल तर ती वेळ लिहून ठेवा. किती व्होल्टचा ठोका पुरतो, याची चाचणी काही पेसमेकर त्या सुमाराला स्वतःच घेतात. अशा अनेक यंत्रांत चाचणीची वेळ तंत्रज्ञाला बदलता येते.