गाडी चमकते, पण ते डिझेल-ऑइल जातं कुठं?

दसरा जवळ आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फाट्यावरच्या वॉशिंग सेंटरला ट्रॅक्टर अन् जीपची लाइन लागते. पाण्याचं प्रेशर मारून झालं की गाडीखाली डिझेल अन् जळालेलं ऑइल मिसळून फवारतात, "भाऊ, गंज नाही लागत अन् चमकते पण" असं तिथला पोरगा सांगतो, आणि ते सगळं वाहत मागच्या नाल्यात जातं. काम झालं की हा पोरगा पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून हात पुसतो. त्याच्या बोटांच्या भेगा पाहिल्या तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

पेट्रोलियम म्हणजे सगळंच विष असं नाही. व्हॅसलीन पण त्याच तेलातून निघतं अन् आपण ते लेकरांच्या ओठाला लावतो. फरक दोन गोष्टींचा आहे, तेल किती हलकं अन् किती साफ केलेलं. कच्चं तेल तापवलं की आधी पेट्रोल उडतं, मग रंगात मिसळायचं (मिनरल) टर्पेंटाइन अन् रॉकेल, मग डिझेल, आणि जड भागातून वंगणाचं तेल अन् मेण निघतं. गाडीच्या पॉलिश, वॅक्स, स्वस्तातल्या टायर शाइनमध्ये बरेचदा हे टर्पेंटाइन-रॉकेलच्या जातीचे पातळ भाग असतात, डब्यावर 'पेट्रोलियम डिस्टिलेट' लिहिलेलं असतं ते हेच.

पातळ तेल ग्रीस विरघळवतं तशी कातडीतली चरबी पण विरघळवतं, म्हणून हात कोरडे पडून फाटतात. वरून पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन नावाचं रसायन चालतं, आणि बेंझिननं माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेल्या रॉकेलची. लेकरानं घोट घेतला तर पोटापेक्षा फुप्फुसाला धोका मोठा, कारण पातळ तेल श्वासनळीत चटकन उतरतं अन् पसरतं. म्हणून उलटी काढायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं.

आणि आपला उन्हाळा! रॉकेल-टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ ते ४० डिग्रीच्या पुढं ठिणगीनं पेटू शकते, आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४५ असते. ही वाफ हवेपेक्षा जड, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते, अन् तिथंच कोणी बिडी पेटवतो. स्प्रेचे डबे ५० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका असं त्यांच्यावरच छापलेलं असतं, तरी लोक ते उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवतात.

जळालेलं ऑइल मात्र वेगळंच प्रकरण आहे. आपला वऱ्हाडचा कापूस इंग्लंडातल्या ज्या लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा, तिथल्या सूत कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवर मशीनचं तेल वर्षानुवर्षं उडायचं आणि त्यांना जांघेजवळ कातडीचा कॅन्सर व्हायचा, १९२० च्या दशकात डॉक्टरांनी हे नीट मांडलं. ते तेल नीट शुद्ध केलेलं नव्हतं, कॅन्सर करणारी रसायनं त्यात तशीच राहायची. इंजिनात तापून काळं झालेल्या ऑइलमध्ये तीच घातक रसायनं वाढतात, शिवाय धातूंचा चुरा. अन् आपण तेच ऑइल खरूज झालेल्या कुत्र्याला, बैलाच्या जखमेला लावतो, जनावर ते चाटतं. हे थांबवा, कळकळीनं सांगतो.

नाल्याचं पाहा. एका गाडीचं एका वेळचं ऑइल दहा लाख गॅलन म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते, त्या भेगांतून तेल खाली उतरायला वेळ लागत नाही, अन् विहीर शेजारीच असते.

मागच्या आठवड्यात त्या पोराला थोडं फल्ली (शेंगदाणा) तेल अन् लाकडाचा भुसा दिला, आधी तेल चोळ, मग भुसा, मग साबण. ग्रीस निघालं. मग तो म्हणे, "पण काका, गाडीखाली काय मारू?" म्हटलं काहीच नको बाबा, चिखल धू अन् सुकू दे, डिझेलनं रबराचे बुश फुगतात, मालकाचंच नुकसान. अन् काळं ऑइल बंद कॅनमध्ये जमव, २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, प्रदूषण मंडळाची परवानगी असलेलाच माणूस ते नेतो अन् शुद्ध करून परत वापरात आणतो. त्यानं एक कॅन रिकामा करून ठेवला आहे.